ट्रेलर सरळ चालला, पण मागचा ॲक्सल बुडाला: मोटरहोममागच्या बंदिस्त ट्रेलरचं एक प्रकरण

मोटरहोममागे, म्हणजे आत घर थाटलेल्या गाडीमागे, ट्रेलर जोडायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाडी एवढं ओढेल का? या प्रकरणात गाडी मजेत ओढत होती. इंजिन तापलं नाही, चढावर दम लागला नाही. तरीही ही जोडी रस्त्यावर आणण्याच्या लायकीची नव्हती. ते कागदावर कुठेच दिसत नव्हतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

जोडी अशी. फोर्ड ई-४५० चासीवर बांधलेलं ३१ फुटी क्लास सी मोटरहोम, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंगाचा भाग पुढे आलेला असतो, त्या प्रकारचं. त्यामागे १६ फूट लांब, दोन ॲक्सलचा बंदिस्त ट्रेलर. आत दोन जड टूरिंग मोटारसायकली, हत्यारांचं कपाट, दोन जनरेटर, एक सुटं इंजिन, लोखंडी वर्कबेंच, तंबू आणि प्रत्येक हौशी माणसाकडे असतं तसं ‘असू दे, लागेल’ प्रकारचं सामान. मालक पती-पत्नी दोघंही आलटून-पालटून चालवणारे. अमेरिकेच्या महामार्गांवर अशी जोडी नवलाची नाही.

घेण्याआधी दोघांनी हिशेब केला होता आणि त्यात बेरजेची चूक नव्हती. मोटरहोमच्या एकूण वजनाची मर्यादा १४,५०० पौंड, गाडी आणि ट्रेलर मिळून २२,००० पौंड. मागच्या रिसीव्हरवरचा (ट्रेलर जोडायच्या लोखंडी खाचेवरचा) स्टिकर ७,५०० पौंडांचा. ट्रेलरची स्वतःची मर्यादा ७,०००. भरलेलं मोटरहोम १३,५०० पौंडांचं, भरलेला ट्रेलर ६,३०० पौंडांचा, बेरीज १९,८००. सगळीकडे जागा शिल्लक. (एक किलो म्हणजे साधारण २.२ पौंड. इथे पौंडच ठेवले आहेत, कारण स्टिकरवर आणि काट्याच्या पावतीवर तेच छापलेलं असतं.)

पहिला प्रवास: झोकांड्या

सहा टक्क्यांचा उतार, ताशी ६८ मैलांचा वेग, आणि डावीकडून एक लांबलचक ट्रक पुढे निघाला. ट्रकच्या नाकाने ढकललेली हवा आधी ट्रेलरला बाहेर लोटते, आणि ट्रक पुढे सरकला की त्याच्या बाजूला झालेली पोकळी ट्रेलरला आत खेचते. ट्रेलर एकदा उजवीकडे गेला, मग डावीकडे, आणि प्रत्येक फेरी आधीपेक्षा मोठी होऊ लागली. गाडी चालवणाऱ्या पत्नीने सहजप्रवृत्तीने ब्रेक दाबला, तर झोकांड्या आणखी वाढल्या. उतार संपत आला होता म्हणून निभावलं.

ब्रेक दाबल्यावर परिस्थिती बिघडली त्याला दोन कारणं होती. एक म्हणजे केबिनमधला ट्रेलर-ब्रेकचा कंट्रोलर घड्याळाच्या हिशेबाने चालणारा, जुन्या पद्धतीचा होता. पेडल दाबल्यानंतर तो ट्रेलरच्या ब्रेकचा जोर हळूहळू वाढवत नेतो. तेवढ्या वेळात मोटरहोम आधी मंदावलं आणि ट्रेलर मागून त्याला रेटू लागला. दुसरं कारण उताराचं. ६ टक्के उतारावर ६,३०० पौंडांचा ट्रेलर स्वतःच्या वजनानेच पावणेचारशे पौंडांच्या आसपास जोर बॉलवर (ज्या लोखंडी गोळ्यावर ट्रेलरचं नाक बसतं, त्यावर) पुढे लावतो. मागून ढकलणारा ट्रेलर सरळ राहायला तयार नसतो, ओढला जाणारा राहतो. म्हणून झोकांड्या सुरू झाल्यावर करायचं ते एवढंच: ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं (उलट-सुलट फिरवत झोकांडीचा पाठलाग करायचा नाही), आणि कंट्रोलरवरची हातची कळ दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे, म्हणजे ट्रेलर मागे ताणला जातो. ती कळ कुठे आहे हे न बघता हाताला सापडली पाहिजे. या जोडप्याला ती आहे हे माहीत होतं, पण चालत्या गाडीत ती कधी दाबून पाहिलेली नव्हती.

हे सगळं मात्र सुरू झालेल्या झोकांडीबद्दल झालं. ती मुळात सुरू का झाली, याचं उत्तर ट्रेलरच्या पोटात होतं. पहिल्या प्रवासाला निघताना काढलेले फोटो त्यांच्याकडे होते. सामान पुन्हा अगदी तसंच मांडलं आणि ट्रेलरचं नाक टंग स्केलवर, म्हणजे नाकावरचं वजन मोजणाऱ्या छोट्या काट्यावर, टेकवलं. काटा ३४० पौंडांवर थांबला. ६,३०० पौंडांच्या ट्रेलरला हे ५.४ टक्के झाले. उत्तर अमेरिकेत अशा ट्रेलरचं १० ते १५ टक्के वजन बॉलवर यावं असा दंडक आहे, म्हणजे इथे किमान ६३० हवं होतं. हत्यारांचं कपाट आणि सुटं इंजिन मागच्या दाराशी लावलेलं होतं, उतरवायला सोपं म्हणून. बैलगाडी मागच्या ओझ्याने उलार व्हावी तसा हा ट्रेलर उलार झालेला होता. फरक इतकाच, की उलार बैलगाडी जागच्या जागी कळते आणि उलार ट्रेलर उभा असताना अगदी साळसूद दिसतो.

दुसरा प्रवास: झोकांड्या गेल्या, पुढचे दिवे वर गेले

मालकांनी योग्य तेच वाचलं आणि तेच केलं. इंजिन, कपाट, वर्कबेंच सगळं पुढच्या भिंतीला लावलं, मोटारसायकली ॲक्सलच्या पुढे सरकवल्या. दुसऱ्या प्रवासात ट्रेलर रुळावरून चालल्यासारखा सरळ चालला. ट्रक शेजारून गेले, काही झालं नाही. दोघंही समाधानी.

पण दोन बारीक गोष्टी पत्नीच्या लक्षात आल्या. पुलांच्या सांध्यांवरून जाताना मोटरहोमचं तोंड वर-खाली होत होतं आणि वळणावर स्टिअरिंग नेहमीपेक्षा हलकं वाटत होतं. रात्री समोरून येणाऱ्या गाड्या सारखे दिवे मारत होत्या, आणि यांचे हेडलाइट तर लो बीमवर होते. पतीचं म्हणणं, ‘तुला सवय नाहीये अजून.’ मला विचाराल तर या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं निरीक्षण हेच होतं. ते हसण्यावारी गेलं असतं, तर पुढचं काहीच कळलं नसतं.

त्यांचा प्रश्न तोपर्यंत वेगळाच झाला होता. दोन वेट-डिस्ट्रिब्यूशन हिच (बॉलवरचं वजन वाटून देणारे जोड) त्यांनी निवडून ठेवले होते आणि त्यांतला कोणता घ्यावा एवढंच विचारायचं होतं. त्याआधी वजन करा, असं मी सांगितलं.

काट्यावर

ट्रकतळांवर असतो तो मोठा वजनकाटा या कामाला उत्तम, कारण त्याचे तीन वेगळे फलाट असतात. पुढचा ॲक्सल पहिल्यावर, मागचा दुसऱ्यावर, ट्रेलरची चाकं तिसऱ्यावर उभी करायची. मग ट्रेलर सोडून फक्त मोटरहोम पुन्हा काट्यावर न्यायचं. दोन पावत्यांच्या वजाबाकीत सगळं दडलेलं असतं. माणसं आत बसलेली, पाणी, इंधन, गॅस, सगळं प्रवासात असतं तसं हवं. रिकाम्या गाडीचं वजन करून काही हाती लागत नाही.

एकटं मोटरहोम: पुढे ४,४६०, मागे ९,०४०, एकूण १३,५००.

ट्रेलर जोडून: पुढे ३,९२०, मागे १०,४८०, ट्रेलरची चाकं ५,४००, एकूण १९,८००.

मोटरहोमच्या दोन ॲक्सलची बेरीज १३,५०० वरून १४,४०० झाली, म्हणजे बॉलवर ९०० पौंड आले. ट्रेलरच्या १४ टक्के. दंडकात बसतं. एकूण १४,४०० हे १४,५०० च्या आतच. इथपर्यंत हिशेब पुन्हा बरोबर.

आता दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरकडे बघा. मागच्या ॲक्सलची मर्यादा ९,६०० पौंड. त्यावर १०,४८० पौंड उभे होते, ८८० जास्त. टायरचं गणितही जुळत नव्हतं. या गाडीला एलटी२२५/७५आर१६, लोड रेंज ई टायर असतात. जोडचाकात बसवल्यावर ८० पीएसआय हवेला प्रत्येकाची क्षमता २,४७० पौंड, चौघांची मिळून ९,८८०. म्हणजे ॲक्सलच नव्हे, चारही टायर आपल्या कमाल क्षमतेच्या सहाशे पौंड पलीकडे चालले होते, तेही हवा पूर्ण भरलेली असेल तर. शिवाय रिसीव्हरच्या त्याच स्टिकरवर दुसरी ओळ होती: बॉलवर जास्तीत जास्त ७५० पौंड. ७,५०० चा आकडा सगळे वाचतात, त्याखालची ओळ कुणी वाचत नाही.

नऊशेचे चौदाशे चाळीस कसे झाले

बॉलवर ९०० पौंड आले, तर मागचा ॲक्सल १,४४० पौंडांनी का वाढला? कारण मोटरहोमची शेपटी. या गाडीत पुढच्या ॲक्सलपासून मागच्या ॲक्सलपर्यंत २२३ इंच आहेत, आणि मागच्या ॲक्सलपासून बॉलपर्यंत १३२ इंच. मागचा ॲक्सल हा टेकू, आणि त्यामागे ११ फुटांची तरफ. शेपटीच्या टोकाला दाबलं की पुढचं टोक उचललं जातं. १३२ ला २२३ ने भागलं तर ०.५९ येतात. बॉलवरच्या प्रत्येक १०० पौंडांमागे पुढचा ॲक्सल ५९ पौंड गमावतो आणि ते ५९ मूळच्या १०० सोबत मागच्या ॲक्सलवर जाऊन बसतात. थोडक्यात, टंग वेट (बॉलवरचं वजन) गुणिले १.६.

पिकअप ट्रकमध्ये ही शेपटी चार-पाच फुटांची असते, म्हणून हाच ट्रेलर पिकअपमागे जोडला तर मागच्या ॲक्सलवर इतका अन्याय होत नाही. मोटरहोम बांधणारा मात्र त्याच चासीवर बेडरूम, बाथरूम, पाण्याची टाकी असं सगळं मागे-मागे ढकलत जातो. मग मागचा ॲक्सल ट्रेलरविनाच जवळजवळ भरलेला असतो. इथेही होताच: ९,६०० पैकी ९,०४० आधीच खर्ची पडले होते.

हाच १.६ आडव्या दिशेनेही लागू होतो, आणि मला तर तो जास्त भीतिदायक वाटतो. ट्रेलरचा सपाट बाजूचा पत्रा साधारण ११० चौरस फुटांचा. ताशी ४० मैलांचा आडवा झोत आला, तर प्रत्येक चौरस फुटावर सुमारे चार पौंड, म्हणजे एकूण साडेचारशे पौंडांच्या आसपास. या जोराचा जो भाग बॉलपाशी पोचतो, तो त्याच ११ फुटी तरफेने मोटरहोमचं तोंड उलट दिशेला वळवायला बघतो. त्याला सावरायचं काम पुढच्या दोन टायरांचं. आणि दुसऱ्या प्रवासात नेमके तेच टायर ५४० पौंडांनी, म्हणजे १२ टक्क्यांनी, हलके झालेले होते. हलकं स्टिअरिंग, वर गेलेले दिवे, सांध्यांवर डोलणारं तोंड, या तिन्हींचं मूळ एकच.

पेच

मागच्या ॲक्सलवर ५६० पौंडांची जागा. १.६ ने भागलं की बॉलवर जास्तीत जास्त ३५० पौंड येऊ शकतात. आणि ३४० पौंडांवर काय झालं होतं, ते आपण उतारावर पाहिलंच.

म्हणजे मोटरहोमला चालेल एवढ्या वजनाने ट्रेलर झोकांड्या खात होता, आणि ट्रेलरला हवं तेवढं वजन मोटरहोमला झेपत नव्हतं. या दोन मर्यादांच्या मध्ये जागाच उरलेली नव्हती. सामान पुढे-मागे करून हा पेच सुटणार नव्हता. पहिल्या प्रवासात एक बाजू मोडली होती, दुसऱ्यात दुसरी.

जे उपाय बाजूला ठेवले

वेट-डिस्ट्रिब्यूशन हिच तत्त्वतः याच आजारावरचं औषध. त्याचे स्प्रिंग बार बॉलवरचं वजन उचलून थोडं पुढच्या ॲक्सलकडे आणि थोडं ट्रेलरच्या चाकांकडे पाठवतात. पण मोटरहोमला तो लावण्याआधी गाडीखाली वाकून बघावं लागतं. फोर्डची मूळ चौकट मागच्या ॲक्सलच्या थोडी मागे संपते. तिथून पुढची शेपटी मोटरहोम बांधणाऱ्याने वेगळे लोखंडी रूळ जोडून वाढवलेली असते, आणि रिसीव्हर त्या वाढीव रुळांना लावलेला असतो. स्प्रिंग बार ताणले की त्या जोडावर मोठा पीळ येतो. काही उत्पादक याला परवानगी देतात, काही साफ नाकारतात. या गाडीच्या पुस्तिकेत नकार होता. तिथेच विषय संपला. ‘पण बरेच जण लावतात की,’ असं मालक म्हणाले. लावतात, आणि त्यातल्या काहींच्या जोडाला तडे गेलेलेही असतात.

एअर बॅग हा दुसरा आवडता उपाय. मागच्या स्प्रिंगसोबत हवेच्या पिशव्या बसवल्या की बसलेली शेपटी वर येते, दिवे सरळ होतात, गाडी देखणी दिसते. पण ॲक्सलची मर्यादा एका पौंडानेही वाढत नाही आणि पुढच्या ॲक्सलचं गेलेलं वजन परत येत नाही. फक्त लक्षण झाकलं जातं. या प्रकरणात एअर बॅग आधीपासून असत्या, तर पत्नीच्या लक्षात आलेली ती दिव्यांची गोष्ट कधी दिसलीच नसती.

फ्रिक्शन स्वे बारबद्दलही हेच. तो झोकांड्या दाबतो, वजनाची मांडणी सुधारत नाही. मांडणी नीट असेल तर जादा विमा म्हणून ठीक. रिव्हर्स घेताना आणि निसरड्या रस्त्यावर तो सैल करावा लागतो, हे लक्षात ठेवून.

जे केलं

उरला एकच मार्ग: दोन्ही बाजूंनी वजन उतरवणं. त्यात खरी युक्ती अशी की मोटरहोमच्या शेपटीतलं वजन उतरवलं, तर तरफ आपल्या बाजूने काम करते. तिथून काढलेला प्रत्येक पौंड मागच्या ॲक्सलवरून एकापेक्षा जास्त पौंड उतरवतो.

या गाडीची ५० गॅलनची पाण्याची टाकी मागच्या ॲक्सलच्या ९० इंच मागे. पाणी गॅलनला ८.३ पौंड. दोघंही टाकी भरून निघायचे, मुक्कामी नळ असतानासुद्धा. ३६ गॅलन काढून टाकले, म्हणजे ३०० पौंड, आणि मागचा ॲक्सल ४२० पौंडांनी हलका झाला. अगदी मागच्या, पलंगाखालच्या खणात लेव्हलिंगच्या लाकडी फळ्या, साखळ्या, जादा बॅटरी, डबाबंद वस्तू असं १८० पौंडांचं सामान होतं. ते ट्रेलरमध्ये, बरोबर त्याच्या ॲक्सलवर ठेवलं. त्याने मागचा ॲक्सल आणखी सुमारे २७० पौंडांनी उतरला.

ट्रेलरमधून ८८० पौंड घरी ठेवले. सुटं इंजिन, लोखंडी वर्कबेंच, एक जनरेटर, कपाटातली निम्मी हत्यारं. वाद झाला तो फक्त इंजिनावर, आणि तो दोघांचा आपापसातला असल्याने मी त्यात पडलो नाही. खणातलं सामान धरून ट्रेलर आता ५,६०० पौंडांचा झाला. मग मांडणी: मोटारसायकली ॲक्सलच्या किंचित पुढे, कपाट मधोमध जमिनीला बोल्ट करून, मागच्या दाराशी फक्त तंबू. प्रत्येक मोटारसायकलीला चार पट्टे, जमिनीतल्या डी-रिंगांना. कारण ब्रेक लावल्यावर सरकलेलं सामान तुम्ही कष्टाने जुळवलेलं टंग वेट एका क्षणात बदलून टाकतं. टंग स्केलवर ६२० आले. ११ टक्के.

पुन्हा काट्यावर. एकटं मोटरहोम: पुढे ४,६८०, मागे ८,३४०. जोडून: पुढे ४,३२०, मागे ९,३२०, ट्रेलरची चाकं ४,९८०. मागच्या ॲक्सलवर २८० पौंडांची फट राहिली. टायर क्षमतेच्या आत आले, रिसीव्हरच्या ७५० च्या आत टंग वेट आलं, आणि पुढचा ॲक्सल दुसऱ्या प्रवासापेक्षा ४०० पौंडांनी जड झाला. फट मोठी नाही. पण ती मोजलेली आहे, आणि मोजलेली लहान फट मला अंदाजाच्या मोठ्या फटीपेक्षा बरी वाटते.

वजन बसल्यावरच बॉलची उंची ठरवली, आधी नाही. ट्रेलर समतळ किंवा नाक किंचित खाली असा उभा राहिला पाहिजे. बॉलचं माप तपासलं: कपलर (ट्रेलरच्या नाकाची, बॉलवर बसणारी वाटी) २ ५/१६ इंचाचा, बॉलही तेवढाच. २ इंची बॉलवर हा कपलर बसल्यासारखा दिसतो, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उडतो.

ब्रेक

जुना कंट्रोलर काढून प्रपोर्शनल जातीचा बसवला. तो गाडी किती जोराने मंदावते आहे हे जाणून त्याच प्रमाणात ट्रेलरला ब्रेक देतो. मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर ताशी २५ मैलांना फक्त हातची कळ दाबून पाहायचं. ट्रेलरची चाकं लॉक होण्याच्या जेमतेम अलीकडे जोर थांबला पाहिजे. ट्रेलर रिकामा असेल तेव्हा ही नेमणूक पुन्हा करावी लागते, नाहीतर हलकी चाकं घासत जातात.

मोटरहोमचे स्वतःचे ब्रेक चासीच्या मर्यादेएवढ्या वजनासाठी बनवलेले असतात, मागच्या तीन टनांसाठी नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांवरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. कॅलिफोर्नियात ही रेषा १,५०० वरच आहे. त्याच कॅलिफोर्नियात काहीही ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे. या जोडप्याने ती सगळीकडेच पाळायचं ठरवलं. झोकांड्यांच्या दृष्टीने वेगासारखा शत्रू नाही: हाच ट्रेलर, हेच वजन, ५५ ला धक्का पचवतं आणि ६८ ला तोच धक्का वाढत जातो.

ब्रेकअवेची पिन ओढून पाहिली तर ट्रेलरवरची छोटी बॅटरी मेलेली निघाली. हिच तुटला तर ट्रेलर आपोआप थांबवणारी ही एकमेव गोष्ट. पिन ओढताना विजेचा प्लग सोडलेला हवा, नाहीतर मोटरहोमची बॅटरी ब्रेक लावून देते आणि मेलेली बॅटरी जिवंत वाटते. पिनची तार सेफ्टी चेनला अडकवलेली होती. ती स्वतंत्रपणे मोटरहोमच्या चौकटीला लावली. चेन कपलरखाली एकमेकींना छेद देऊन बांधल्या.

जे दिसत नाही

मोटरहोममधून बंदिस्त ट्रेलर जवळजवळ दिसतच नाही. आरशात त्याच्या कडा, बाकी काही नाही. ट्रेलरचा टायर फुटला, तर पुढे बसलेल्याला मैलभर कळत नाही आणि तोपर्यंत त्याच्या चिंध्या चाकावरचा पत्रा आणि वायरिंग घेऊन गेलेल्या असतात. म्हणून सगळ्या दहा चाकांना टायर प्रेशरचे सेन्सर आणि लांबीमुळे मध्ये त्यांचा सिग्नल पुढे पोचवणारा एक रिपीटर, हा खर्च मी चैनीत धरत नाही. ट्रेलरचे एसटी (खास ट्रेलरसाठीचे) टायर वयानेही बाद होतात, झीज दिसो वा न दिसो. कडेवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३वा आठवडा. कमाल वेग सांगणारं अक्षर छापलेलं नसेल, तर ६५ मैल ही त्यांची कमाल. कॅमेरा ट्रेलरच्या मागे हवा, मोटरहोमच्या मागे असलेला कॅमेरा फक्त ट्रेलरचं तोंड दाखवतो.

लांब शेपटीचा एक उपकारही आहे. वळणावर बॉल बाहेरच्या बाजूला झुलतो, त्यामुळे ट्रेलर आतला कोपरा फारसा कापत नाही. पण तीच झुलणारी शेपटी पेट्रोल पंपाच्या खांबाला लागते, आणि रस्त्यावरून अंगणात चढताना हिच जमिनीला घासतो. मोटारसायकलींचं इंधन बंद ठेवणं आणि ट्रेलरच्या खिडक्या-झरोके उघडे ठेवणं हे ओघाने आलंच.

परतीचा प्रश्न

एक गोष्ट पहिल्या हिशेबात धरलेली नव्हती. मुक्कामात नळाचं पाणी वापरलं की ते सांडपाण्याच्या आणि मैल्याच्या टाकीत जमा होतं. या गाडीत त्या दोन्ही टाक्याही मागच्या ॲक्सलच्या मागेच आहेत. जाताना हलकी निघालेली गाडी येताना त्या भरलेल्या ठेवून निघाली, तर २८० पौंडांची फट तिथेच संपते. त्यामुळे ट्रेलर जोडायच्या आधी दोन्ही टाक्या रिकाम्या, हा नियम त्यांनी घालून घेतला आहे. ताजं पाणीही टाकीच्या पाव भागापेक्षा जास्त नाही.

आणखी एक काम बाकी आहे. ट्रकतळावरचा काटा ॲक्सलचं वजन देतो, चाकाचं नाही. मोटरहोममध्ये स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज आणि सरकती भिंत बहुतेक एकाच बाजूला असतात, त्यामुळे मागचे ९,३२० पौंड डाव्या-उजव्या जोडचाकांवर समान वाटलेले असतील याची खात्री नाही. एका बाजूच्या दोन टायरांची क्षमता ४,९४० पौंड. एका बाजूवर ५,००० आले, तर बेरीज बरोबर असूनही ते दोन टायर ओव्हरलोड. प्रत्येक चाकाचं वेगळं वजन करून देणारे फिरते काटे मोटरहोमच्या मेळाव्यांत येतात. पुढच्या मेळाव्याला जाऊन ते वजन करून घ्यायचं ठरलं आहे, आणि तोवर सुटं इंजिन घरीच राहणार आहे.